गार्डनरांची गादी

होळकरांच्या पदरी असलेल्या गोऱ्या अंमलदारांची यादी करावी, एवढ्याच हेतूने पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी विल्यम लिनियस गार्डनर हे नाव वहीत उतरवले. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. नोकरी सांभाळून रविवारी ग्रंथालयात बसायचे, एवढाच माझा अभ्यास. नाव उतरवले आणि बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवले, ‘याच्या वंशजांचा लंडनच्या लॉर्डपदावर हक्क’. हे टिपण चुकीचे होते. ते का चुकले हे उलगडताना इंग्रज सरदार घराण्यांची वंशावळ कशी वाचायची ते मी शिकलो.

आधी हा विल्यम. जन्म १७७०, न्यूयॉर्कच्या लिव्हिंगस्टन घराण्यातील आईच्या पोटी. बाप व्हॅलेंटाइन पायदळात मेजर. विल्यम यशवंतराव होळकरांच्या चाकरीत आला आणि तहाच्या बोलण्यांसाठी खंबायतला गेला. तिथे वाटाघाटी चालू असताना पडदा जरासा सरला, दोन काळेभोर डोळे दिसले आणि तहापेक्षा त्या डोळ्यांचाच विचार मनात राहिला, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले. नवाबाच्या घराण्यातील त्या मुलीशी त्याचे लग्न झाले. नंतर एका कामगिरीहून परतायला उशीर झाला. आणखी उशीर केला असतास तर तुझ्या जनान्याच्या कनाती पाडल्या असत्या, असे भर दरबारात ऐकताच त्याने तलवार उपसली आणि गोंधळात तो निसटला. पुढे अमृतरावांच्या माणसांनी पकडल्यावर पन्नासेक फुटांच्या कड्यावरून उडी टाकून तो पळाला आणि घासवाल्याच्या वेषात लॉर्ड लेकच्या छावणीत पोचला. हे सगळे त्याच्याच तोंडचे आहे, तेव्हा फुटांचा हिशेब वाचकाने आपल्या बेताने करावा. पण घाई करण्याजोगी वेळ होती खरी. १८०४ मध्ये यशवंतरावांनी विकर्स, डॉड आणि रायन या आपल्याच अंमलदारांना ठार केले. गार्डनरने १८०९ मध्ये उभा केलेला रिसाला आजही भारतीय लष्करात ‘सेकंड लान्सर्स (गार्डनर्स हॉर्स)’ या नावाने आहे.

आता लॉर्डपद. ते विल्यमच्या बापाचे नव्हे, चुलत्याचे होते. अ‍ॅलन गार्डनर हा आरमारातला अ‍ॅडमिरल. त्याला १८०० मध्ये आयर्लंडचे आणि १८०६ मध्ये ब्रिटनचे बॅरनपद मिळाले. अशा पदाची सनद कोणासाठी हे तिच्यातच लिहिलेले असते, आणि बहुधा ते असते मूळ पुरुषाच्या ‘कायदेशीर विवाहातून झालेल्या औरस पुरुष संततीसाठी’. यातला प्रत्येक शब्द एकेका वारसाला बाहेर ठेवतो. भाऊ आणि पुतणे बाहेर, कारण ते मूळ पुरुषाची संतती नाहीत. मुली बाहेर. दत्तक तर नाहीच. आपल्याकडे वतन राखायला दत्तक घेत, त्या सवयीने मी ही वंशावळ वाचत होतो आणि विल्यमला चुलत्याचा वारस ठरवून बसलो होतो. शिवाय लष्करी अधिकाऱ्यांच्या यादीत हुद्दा नि तारखा मिळतात, आईचे नाव मिळत नाही. सरदारांच्या वंशावळीत मात्र आईच्या लग्नाच्या तारखेवरच सगळे अडते.

गार्डनर घराण्यात ते एकदा नव्हे, तीनदा अडले.

पहिल्यांदा दुसऱ्या बॅरनच्या वेळी. हा अ‍ॅलन हाइड गार्डनर आरमारात कप्तान होता. १८०२ च्या जानेवारीअखेर तो जहाजावर गेला आणि जुलैत परतला. त्याच्या पत्नीला ८ डिसेंबरला मुलगा झाला. जुलैपासून मोजले तर पाच महिने, जानेवारीपासून मोजले तर ३११ दिवस. मूल जन्मल्याचे नवऱ्यापासून लपवले गेले आणि पुढे पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा करून १८०५ मध्ये घटस्फोट झाला. तिच्या प्रियकराचे आडनाव जेडिस, आणि मुलगाही त्याच नावाने वाढला. बॅरनने दुसरे लग्न केले, १८१० मध्ये अ‍ॅलन लेग हा मुलगा झाला. बाप १८१५ मध्ये वारला. पुढे वारसाचा प्रश्न उमरावांच्या सभेपुढे गेला, तेव्हा पहिल्या लग्नातला हा मुलगाही हक्क सांगत होता. १८२५-२६ मध्ये गर्भ ३११ दिवस राहू शकतो का, यावर नामवंत डॉक्टरांच्या साक्षी झाल्या आणि त्यांच्यात एकमत झाले नाही. निकाल दुसऱ्या लग्नाच्या मुलाच्या बाजूने लागला. वैद्यकीय न्यायशास्त्राच्या पुस्तकांत हा खटला पुढे वर्षानुवर्षे येत राहिला. तेवीस-चोवीस वर्षांचा एक तरुण आपल्या जन्माचे दिवस मोजले जाताना ऐकत असेल, हे मात्र त्या पुस्तकांना सुचत नाही.

दुसऱ्यांदा, जिंकलेल्या त्याच अ‍ॅलन लेगच्या घरात. ज्यूलिया फॉर्टेस्क्यू या नटीपासून त्याला मुले झाली. पुढे त्याने तिच्याशी लग्नही केले, पण मुले आधीची. नंतरच्या लग्नाने आधीची संतती औरस ठरण्याची सोय इंग्लंडात १९२६ पर्यंत नव्हती, आणि त्या साली झाली तेव्हाही सरदारपदे तिच्यातून वगळली गेली. म्हणून १८८३ मध्ये तो वारला तेव्हा मुलगा हर्बर्ट असूनही गादी रिकामी झाली.

आणि इथे कासगंज येते. पहिल्या बॅरनचा आणखी एक मुलगा फ्रान्सिस फॅरिंग्टन, हाही आरमारातच. त्याचा मुलगा स्ट्युअर्ट विल्यम हिंदुस्थानात आला आणि त्याने आपल्या विल्यम लिनियसच्या नातीशी लग्न केले. त्यांचा मुलगा अ‍ॅलन हाइड, जन्म १८३६, हा वारस म्हणून विलायतच्या संदर्भग्रंथांत नोंदला गेला. त्याची बायको दिल्लीच्या बादशाही घराण्यातली, धर्मांतर करून ख्रिस्ती झालेली. म्हणजे माझ्या टिपणातले माणूस बरोबर होते, वाट चुकीची होती. विल्यमचे रक्त त्याला आईकडून मिळाले होते आणि त्या रक्ताला लंडनमध्ये काडीची किंमत नव्हती. हक्क होता तो बापाकडून.

तो हक्क उमरावांच्या सभेपुढे कधी सिद्ध झाला नाही. सभेला लागतात लग्नांचे नि बाप्तिस्म्यांचे दाखले, एकही कडी न सुटता. घराण्यातल्या लग्नांची बोलणी नि सोहळे निम्मे जनान्यात होत. १८३५ मध्ये विल्यमच्या दुसऱ्या एका नातीचे मोगल शहाजाद्याशी लग्न झाले. फॅनी पार्क्स या इंग्रज बाईने ते पाहून लिहिले नसते तर आज आपल्याला त्याची हकिकत कळलीही नसती. त्याच वर्षी जुलैत विल्यम वारला आणि महिन्याभरात त्याची बेगमही.

सरदारपदांच्या ग्रंथांत ‘लुप्त’ आणि ‘सुप्त’ असे दोन वेगळे शेरे असतात. लुप्त म्हणजे वारस उरला नाही. सुप्त म्हणजे असू शकेल, पण सिद्ध झालेला नाही. गार्डनर बॅरनपदापुढे १८८३ पासून दुसरा शेरा आहे. विलायतेतला हर्बर्ट राजकारणात शिरला, कृषिखात्याचा मंत्री झाला आणि १८९५ मध्ये त्याला बर्गक्लीअर नावाचे नवे कोरे बॅरनपद मिळाले. त्याला चार मुली झाल्या, मुलगा नाही. १९२१ मध्ये तो वारला, आणि त्या पदापुढे शेरा पडला तो लुप्त.