किलोच्या तांदळाच्या वाट्या किती?

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात काय किंवा आणखी कुठं काय, तांदूळ घरात येतो किलोनं आणि चुलीवर चढतो वाटीनं. मधला हिशेब बायांच्या हाताला ठाऊक असतो, म्हणून कुणी तो मांडत नाही. पण पन्नास पानांचा भात करायची वेळ आली, की हात अडखळतो.

पूर्वी धान्य विकलं जायचं तेही मापानंच. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शेर मात्र दोन होते, एक मापाचा, दुसरा ऐंशी तोळ्यांचा, तराजूचा. शिवाय पायली गावागणिक लहानमोठी. ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलोग्रॅम आला आणि दुकानातलं माप गेलं. स्वयंपाकघरातलं राहिलं.

आता गंमत पाहा. लिटरभर पाण्याचं वजन एक किलो. त्याच भांड्यात कोरडा तांदूळ भरला, तर तो आठशे ते साडेआठशे ग्रॅमच भरतो, कारण दाण्यादाण्यांमध्ये हवा असते. म्हणजे किलोभर तांदूळ साधारण १.२ लिटर जागा घेतो. दोनशे मिलिलिटरची वाटी धरली, तर सहा वाट्या. वाटीला दोन वाट्या पाणी या रीतीनं किलोला पाणी हवं २.४ लिटर. कुणी ‘किलोला दोन लिटर’ म्हणून ओतलं, तर दोन वाट्या पाणी कमी पडलं. जुना तांदूळ असेल तर कणी राहणारच.

वाटी भरायचीही रीत आहे. शिगोशीग वाटी आणि बोटानं सपाट केलेली वाटी यांत चांगलाच फरक पडतो. ठोकून भरली तर आणखी. लांब दाणा आडवातिडवा पडून जागा अडवतो, आखूड दाणा दाटीनं बसतो. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेला, घड्याळाचं नाव मिरवणारा एचएमटी तांदूळ आणि लांबडा बासमती यांची वाटी एकाच वजनाची निघेल असं समजू नये. तांदूळ मापावा तो धुण्याआधी. भिजला की हिशेब गेला.

घरी दोन घास कमीजास्त झाले तर पोळी असते. शाळेच्या पोषण आहारात तसं नाही. तिथं पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला शंभर ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलामागे दीडशे ग्रॅम धान्य ठरलेलं आहे. पाचवीपर्यंतची पन्नास मुलं म्हणजे रोज पाच किलो, चोवीस दिवसांचे १२० किलो. डब्याला शीग राहून रोज दहावा हिस्सा जास्त गेला, तर बाविसाव्या दिवशीच पोतं पुरत नाही. डबा तेवढाच कमी भरला, तर महिन्याला १२ किलो तांदूळ मुलांच्या पोटात जायचा राहतो, आणि कागदावर सगळं बरोबर दिसतं. एवढ्यासाठी स्वयंपाक करणाऱ्या ताईला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या हातात डबा आहे, काटा नाही.

उपाय सोपा आहे. त्याच पोत्यातला पाच किलो तांदूळ काट्यावर तोलायचा, नेहमीच्या डब्यानं सपाट मापायचा आणि किती डबे झाले ते डब्यावरच रंगानं लिहून ठेवायचं. नवं पोतं फोडलं, तांदूळ वेगळा दिसला, की पुन्हा एकदा तोलायचं.