डावी कळ, उजवी कळ

सरकार शस्त्र देते ते परत घेण्याच्या बोलीवर. काम झाले की ते कोठारात जमा करायचे आणि निकामी झाले की वितळवून टाकायचे. म्हणून संग्राहकांच्या जगात सरकारी शस्त्राला जी दुर्मिळता येते, ती कारागिरीपेक्षा हिशेबातून येते. परत जमा न झालेला नग, तोच मोलाचा. अमेरिकेच्या ओएसएस या हेरखात्यासाठी दुसऱ्या महायुद्धात हाय स्टँडर्ड कंपनीने आवाज दाबणारे .22 बोअरचे रिमफायर पिस्तूल बनवले. त्यातले काडतूस कडेवर ठोकर बसून पेट घेते. 1960 साली सोव्हिएत हद्दीत यू-2 विमान पाडले गेले, तेव्हा वैमानिक गॅरी पॉवर्सजवळ असेच एक पिस्तूल मिळाले, आणि ते मॉस्कोतल्या संग्रहालयात जाऊन बसले. अमेरिकेत अशी पिस्तुले बाळगणारे हौशी लोक यंत्राइतकेच महत्त्व कागदाला देतात, म्हणजे ते कोणत्या खात्याचे आणि कोणत्या वाटेने बाहेर आले याला. भारतात हा शौक संभवत नाही, कारण बाराचा आवाज कमी करणारा जोडभाग आपल्या शस्त्रनियमांत निषिद्ध वर्गात मोडतो. पण सरकारी पिस्तुलांचे वेड म्हैसूरच्या मुलखालाही नवे नाही. म्हैसूरपासून पंधरा किलोमीटरवरच्या श्रीरंगपट्टणात, टिपू सुलतानाच्या कारखान्यात घडलेल्या पिस्तुलांमागे जगभरचे संग्राहक लागले आहेत, आणि माझ्या मते त्यांतले बहुतेक चुकीच्या गोष्टीचे पैसे मोजतात.

इतिहास थोडक्यात पुरे. हैदरअलीनंतर 1782 मध्ये गादीवर आलेल्या टिपूने शस्त्रे विकत घेण्यापेक्षा राज्यातच घडवण्यावर भर दिला. 1788 मध्ये त्याचे वकील फ्रान्सच्या राजाकडे गेले, तेव्हा लष्करी मदतीबरोबर त्यांनी कारागीरही मागितले. 1792 मध्ये पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके इंग्रजांच्या जोडीने श्रीरंगपट्टणावर गेले, तेव्हा त्यांच्यासमोर याच कारखान्यांचा माल होता. 4 मे 1799 रोजी किल्ला पडला. आत नऊशेहून अधिक तोफा मिळाल्या, खजिना आणि शिलेखाना यांची लूट रीतसर नेमलेल्या एजंटांनी मोजून वाटली, आणि उत्तम पिस्तुले व तलवारी अधिकाऱ्यांच्या सामानातून विलायतेला गेल्या.

या पिस्तुलांत खरी पाहण्यासारखी गोष्ट आहे ती कळ. यंत्र चकमकीचे: घोड्याच्या जबड्यात गारगोटी पकडलेली, चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, गारगोटी पोलादी पात्यावर घासते, पाते पुढे उलटते आणि ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकेवर पडतात. रंजक पेटली की कानातून आग नळीत शिरते. हे सगळे युरोपीय घाटाचे, नवे काही नाही. नवे आहे ते जोडीत. युरोपात पिस्तुलांची जोडी घडवताना दोन्हींची कळ सहसा उजव्या अंगाला असे, कारण माणूस उजव्या हाताचा धरलेला. टिपूच्या जोड्यांत एका पिस्तुलाची कळ उजवीकडे आणि दुसऱ्याची डावीकडे आढळते, आरशात पाहावे तशी. हे दिसायला सोपे वाटते, पण डावी कळ म्हणजे उजवी कळ उलटी बसवणे नव्हे. तिची पट्टी, कमान, घोड्याचा कल, वाटीचा उतार, स्क्रूंच्या जागा, सगळेच नव्याने उलट कापावे लागते. कारागिराला दोन यंत्रे शिकावी लागतात आणि कारखान्याला दोन साचे सांभाळावे लागतात. हा खर्च सुलतानाच्या हौशीखातर झाला असेल, पण तो पेलणारी शिस्त कारखान्याची होती. काही नगांत घोडाच वाघाच्या आकाराचा आहे, नळीवर वाघाच्या पट्ट्यांची बुब्री नक्षी आहे, ‘हैदर’ची अक्षरे गुंफलेला शिक्का आहे, कारागिराचे नाव, ‘पट्टण’ हे ठिकाण आणि टिपूने स्वतः चालू केलेल्या मौलुदी सनातले वर्ष आहे. (या सनाचे आकडे त्याच्या नाण्यांवर उजवीकडून डावीकडे वाचावे लागतात, हे ठाऊक नसलेला माणूस भलतेच शतक सांगून मोकळा होतो.) अठराव्या शतकातल्या किती हिंदी यंत्रांवर घडवणाऱ्याचे नाव, गाव आणि साल एकत्र सापडते? हे पिस्तूल म्हणजे दप्तराचे पान आहे.

बाजार मात्र पान वाचत नाही, मालकाचे नाव वाचतो. 2015 मध्ये लंडनच्या बॉनहॅम्सने टिपूच्या वस्तूंचा लिलाव केला, त्यात साठ लाख पौंडांहून अधिक उत्पन्न झाले. 2023 मध्ये त्याच्या शयनगृहातली म्हणून विकलेली एक तलवार एकटीच 1 कोटी 40 लाख पौंडांवर गेली. त्याउलट 2019 मध्ये इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावरून निघालेली टिपूच्या शिलेखान्यातली चांदीजडित बंदूक संगिनीसह सुमारे 60 हजार पौंडांना गेली. तलवार आणि बंदूक यांची तुलना सरळ नाही हे मान्य, पण फरक कशाने पडतो ते उघड आहे. ‘सुलतानाच्या उशाशी होती’ हे वाक्य जितके जवळ, तितकी किंमत मोठी. या हिशेबात जोडी फोडली तरी फारसे बिघडत नाही, कारण टिपूचे नाव दोन्ही अर्ध्यांवर तितकेच चिकटते. माझा आक्षेप इथेच आहे. डावी कळ एकटी पडली की ती नुसती विक्षिप्त दिसते. उजवीशेजारी ठेवली की कारखाना दिसतो.

यावर संग्राहक म्हणतील की वस्तू टिकल्या त्या आमच्यामुळेच, आणि ते खोटे नाही. टिपूच्या बंदुकांवरचा मोलाचा ग्रंथ 1992 मध्ये रॉबिन विगिंग्टन यांनी लिहिला, ते स्वतः संग्राहक असल्यामुळेच. शिक्के, सह्या आणि साले त्यांनी नगागणिक नोंदली नसती, तर वरचा कळेचा परिच्छेद लिहिताच आला नसता. पण हे उदाहरण माझ्याच बाजूने बोलते. मोल नोंदीचे झाले, आणि संग्रह लिलावात विखुरला तरी नोंद उरली. दुसरा आक्षेप असा की शिक्क्याला भाव आला तर खोटे शिक्के येतील. येतीलच. ईस्ट इंडिया कंपनीच्या साध्या पिस्तुलावर मागाहून बुब्री कोरणे अवघड नाही. मात्र शिक्का, साल, कारागीर आणि कळेची बाजू या चारही गोष्टी एकमेकींशी जुळवणे खोटारड्याला जड जाते. ‘टिपूचे होते’ या तोंडी कथेला असे काहीच जुळवावे लागत नाही.

मग ही पिस्तुले म्हैसूरला परत आणावीत का? इथून अडचणी सुरू होतात. वस्तू परत मागण्याचा 1970 चा युनेस्को करार मागच्या काळाला लागू होत नाही, आणि 1799 ची लूट जिंकणाऱ्यांच्या नियमांप्रमाणे कायदेशीर बक्षीस होती. विकत घेऊन आणायची, तर टिपूच्या नावावर सार्वजनिक पैसा घालणे कर्नाटकात कोणत्याही सरकारला सोपे नाही. तिथे त्याची जयंतीसुद्धा भांडणाचा विषय झाली. म्हैसूरच्या राजवाड्यात आयुधशाळा आहे, तिथे वाडियार राजांच्या तलवारींबरोबर हैदर-टिपूच्या काळची शस्त्रेही आहेत, पण ती राजघराण्याची स्मृती म्हणून मांडलेली. आपल्याकडे खंडेनवमीला होते तशी तिथे दसऱ्यात आयुधपूजा होते. त्यात शस्त्राला हळदकुंकू लागते, कळ उघडून कोणी पाहत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते.

खासगी संग्राहकाची वाट तर आणखी वाकडी. 1959 च्या शस्त्र कायद्यातून जुन्या शस्त्राला सूट मिळते, पण दुरुस्त करूनही त्यातून बार निघणार नसेल तरच. एरवी ‘कुतूहलाची व ऐतिहासिक शस्त्रे’ या वर्गात परवाना काढावा लागतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्य आहे, चकमकीच्या पिस्तुलानेही माणूस मरतो. पण परिणाम असा की कळ चालू ठेवून जपणारा परवान्याच्या खेपा घालतो, आणि ती गंजू देणाऱ्याला सूट मिळते. त्यात शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याने खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. लूट पाहिलेल्या देशाने असा कायदा करावा हे समजण्यासारखे आहे. तरी एखाद्या जोडीतले उजव्या कळेचे पिस्तूल इथल्या एखाद्या घरात असले आणि डावे विलायतेत, तर दोन्ही आठवडाभर एका काचेखाली ठेवायलाही इकडचे पाठवण्यासाठी केंद्र सरकारची परवानगी हवी, आणि तिकडचे आणण्यासाठी शस्त्र आयातीची. एवढा खटाटोप करण्याआधी ती दोन्ही एकाच जोडीतली आहेत हे कोणाला तरी कळायला हवे, आणि त्यासाठी दोन्हींचे शिक्के, साले आणि सह्या एका वहीत उतरवलेल्या लागतात.