वाट नकाशावर आली, तर आराखड्यात येईल

१९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. कागदावरचा हक्क आणि पायाखालची वाट यांतले अंतर आजही बुजलेले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यतेचा हक्क दिला. पण आंबेगाव तालुक्यातील लोणीसारख्या गावात वस्तीपासून शाळा, एसटी थांबा किंवा बुद्धविहारापर्यंतची वाट व्हीलचेअरला, सायकलवरच्या मुलीला, काठी टेकणाऱ्या आजीला झेपते का, याची नोंद सहसा कुठेच नसते.

ही नोंद आपण करू शकतो. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, लोकांनीच भरलेला मुक्त नकाशा आहे. त्यात वाटेची रुंदी, चढ, पायऱ्या, खडी की डांबर, व्हीलचेअर जाते की नाही, हे सारे भरता येते.

काम सोपे आहे. मोबाइलचे जीपीएस सुरू ठेवून वाट चालायची. मात्र ज्यांना ती अवघड जाते, त्यांनाच सोबत घेऊन. अडते तिथे थांबून फोटो काढायचा. जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असते, म्हणून रुंदी टेपने मोजावी आणि चढ गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीने. रॅम्पसाठी १ फूट उंचीला किमान १२ फूट लांबी लागते, हे लक्षात ठेवावे. पावसाळ्यात तीच वाट पुन्हा चालावी, कारण उन्हाळ्यातली वाट चिखलात बंद होते.

मग भूमी अभिलेखचा गाव नकाशा शेजारी ठेवावा. त्यावर एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट, दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट. नकाशात असलेली वाट जागेवर अडवलेली दिसली, तर तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

एक काळजी घ्यावी. अडथळा नकाशावर टाकावा. कुणाचे घर, नाव किंवा आजार टाकू नये.

हा नकाशा छापून ग्रामसभेत मांडावा आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात कामे सुचवावीत. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजनेतून रस्त्यांची कामे होतात. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, त्याचा हिशेबही तिथेच विचारावा. "रस्ता खराब आहे" ही तक्रार टाळता येते. "विहाराजवळ तीन पायऱ्या, उंची दीड फूट, रॅम्प १८ फूट लागेल" हे टाळणे अवघड जाते.