पहारेकऱ्याचीच झडती

पतसंस्थेचा संचालक म्हणजे कर्जप्रकरणे, थकबाकी आणि वार्षिक सभेतला लाभांश, एवढीच आपली समजूत असते. गेल्या वर्षी आमच्या संस्थेच्या शाखा जोडणाऱ्या नेटवर्कच्या सुरक्षेचे कंत्राट द्यायचे ठरले आणि उपसमितीत माझी वर्णी लागली. आमचे सभासद बहुतेक शहापूर-वडगावचे विणकर, गणपत गल्लीतले छोटे दुकानदार, भाजीविक्रेत्या. पिग्मी एजंटच्या हातातले यंत्र त्यांचे रोजचे पन्नास-शंभर रुपये थेट मुख्य शाखेत नोंदवते. शिवाय आधार, पॅन, सहीचे नमुने आणि कोणाचे किती सोने तारण आहे, हेही तिथेच. ही यादी भलत्याच्या हाती पडली तर काय होईल, ते सांगायला नको.

तीन दरपत्रके आली. पहिल्याच बैठकीत सूर निघाला, सगळ्यात स्वस्त घ्या, फायरवॉल इथून तिथून सारखीच. मला हे पटेना. आत-बाहेर जाणारी माहिती तपासायची तर ती फायरवॉलला उघडून पाहावी लागते आणि तिच्या नोंदी अनेकदा पुरवठादाराच्याच संगणकात साठतात. म्हणजे ज्याला आपण पहारेकरी म्हणून ठेवतो, त्याच्याकडे घराच्या किल्ल्या असतात.

डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स या अमेरिकी कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. नेटवर्कवर देखरेख ठेवणारे तिचे सॉफ्टवेअर. त्याच्याच अपडेटमधून घुसखोरांचा कोड सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचला होता. आपल्याकडे जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या सेवा पुरवठादार कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला आपल्या यंत्रणेपासून तात्पुरते तोडले आणि तिच्यावर विसंबलेल्या सुमारे तीनशे लहान बँकांचे व्यवहार अडकले. खातेदाराने मात्र जाब विचारला असेल तो आपल्या बँकेलाच!

तिन्ही पत्रकांवर 'सर्टिफाइड' हा शब्द ठळक होता. आम्ही कागद मागवले. एका कंपनीचे आयएसओ २७००१ चे प्रमाणपत्र खरे होते, पण व्याप्तीच्या रकान्यात होते फक्त तिचे विक्री कार्यालय! आमच्या नोंदी जिथे राहणार, त्या डेटा सेंटरचा उल्लेखच नाही. दुसऱ्या कंपनीचे प्रमाणपत्र जुन्या २०१३ च्या आवृत्तीचे निघाले. त्या आवृत्तीची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ ला संपली.

तिसरीने गोपनीयतेच्या करारावर सही घेतली आणि प्रमाणपत्राऐवजी जाडजूड अहवालच दिला. त्याला सॉक २ म्हणतात. त्यात दोन प्रकार असतात. पहिल्यात एका ठरावीक दिवशी व्यवस्था कशी आखली आहे ते पाहतात. दुसऱ्यात काही महिने ती प्रत्यक्ष कशी चालली ते तपासतात. आमच्या कामाचा हा दुसरा. त्यातही सुरक्षा हा विषय सक्तीचा, पण गोपनीयता आणि व्यक्तिगत माहिती हे विषय कंपनीच्या मर्जीवर. ते घेतलेत का, हे आधी पाहावे.

या अहवालात दोषही लिहिले होते. तपासलेल्या काही नमुन्यांत नोकरी सोडलेल्यांचे प्रवेशाधिकार वेळेवर बंद झाले नव्हते. आमचे एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, "दोष छापलेत, मग कशाला घ्यायची?" मी म्हटले, "काका, आपला ऑडिटर दरवर्षी शेरे मारतो, आपण दोषदुरुस्ती अहवाल देतो. शेरा नसलेले ऑडिट आणले तर सभासद विश्वास ठेवतील का?" कंपनीने त्या दोषांवर काय केले, तेही पुढच्या पानावर होते.

ऑडिटरची फी कंपनीच देते, ही शंकाही निघाली. रास्तच आहे. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला मान्यता आहे का, सही कोणाची आहे, हे आम्ही स्वतंत्रपणे पडताळले.

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. काम दुसऱ्याकडे सोपवले तरी जबाबदारी संस्थेचीच, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. सर्ट-इनच्या २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. म्हणून पुरवठादाराने आम्हाला किती वेळात सांगायचे, तो आकडा करारात घालून घेतला. दरवर्षी नवा अहवाल द्यायचा, हे कलमही घातले.

तिसऱ्या कंपनीचा दर सर्वात जास्त होता. ठराव एका मताने मंजूर झाला. अहवालाच्या शेवटी ग्राहकाने स्वतः करायच्या कामांची यादी आहे. ती मराठीत करून प्रत्येक शाखेत लावली आहे. पिग्मी एजंटने काम सोडले की त्याच दिवशी त्याचा पासवर्ड बंद करायचा, हे त्यातले पहिले काम आता शाखा व्यवस्थापकाकडे आहे.