तातडीच्या फोनपाशी बसणारे सोबती

शेतात साप चावला, फवारणीचे औषध अंगात भिनले किंवा मळणी यंत्रात हात सापडला, की हल्ली आपण १०८ क्रमांकाला फोन लावतो. हैदराबादेत ही सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झाली आणि पुढे गुजरात, गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र अशा अनेक राज्यांत पसरली. फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण असते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. तेथे एका मोठ्या दालनात तरुण मुलेमुली रांगेने बसलेली असतात. एक जण पत्ता व रोग्याची स्थिती विचारून टिपून घेतो, दुसरा जवळची रुग्णवाहिका पाठवितो आणि गरज पडल्यास डॉक्टर फोनवरून सल्ला देतात. हे काम रात्रंदिवस पाळ्यांनी चालते. शेतकऱ्यांची मुलेही आता अशा नोकरीला जातात. घरी आल्यावर ती कामापेक्षा शेजारच्या खुर्चीवरील माणसाबद्दलच अधिक कुरकुरत असतील, तर नवल नाही.

ही कुरकूर क्षुल्लक समजू नये. एखाद्या कचेरीत दोघांचे पटले नाही तर कागद उशिरा निघतो. येथे रुग्णवाहिका उशिरा निघते. एकाच नावाची गावे जवळपासच्या तालुक्यांतही असतात. फोन घेणाऱ्याने तालुका टिपला नाही आणि गाडी पाठविणाऱ्याने, “विचारले तर खेकसेल,” म्हणून विचारला नाही, तर गाडी भलत्याच गावाला जाते.

विमानाच्या कामात याचा दारुण अनुभव आलेला आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर आदळली व ५८३ माणसे मेली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातील अभियंत्याने, दुसरे विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना, अशी शंका बोलून दाखविली होती. मुख्य वैमानिकाने ती ठामपणे बाजूला सारली आणि अभियंता गप्प झाला. अशा अपघातांनंतर कनिष्ठाने शंका कशी बोलावी व वरिष्ठाने ती कशी ऐकावी, हे वैमानिकांना मुद्दाम शिकविले जाऊ लागले. तातडीच्या फोनपाशीही हाच धडा लागू पडतो.

मग त्रासदायक सोबत्याशी वागावे कसे? आम्ही काही गोष्टी सुचवितो.

पहिली ही, की फोन चालू असता वाद घालू नये. आधी गाडी निघू द्यावी.

दुसरी, राग कशाचा आला ते निवडून पाहावे. सोबती मोठ्याने बोलतो, सदा कुरकुरतो, दुसऱ्याचा पेला वापरतो. हे त्रासाचे खरे, पण रोग्याला त्याची झळ लागत नाही. ते सोसता येते. न सांगता खुर्ची सोडणे, पाळी बदलताना अर्धवट राहिलेल्या कामाची माहिती न देणे, घाबरलेल्या माणसावर फोनवर ओरडणे, “एवढेही कळत नाही?” म्हणून नवख्याचे तोंड बंद करणे, या गोष्टी मात्र सोसणे हा चांगुलपणा नव्हे.

तिसरी, बोलावयाचे ते शक्यतो त्याच दिवशी, एकट्याला गाठून आणि एकाच घटनेविषयी बोलावे. “तुम्ही नेहमीच असे करता,” म्हटले की भांडण पेटते. त्याऐवजी, “मघाशी तुम्ही न सांगता उठलात, तेव्हा दोन फोन एकदम आले. यापुढे मला सांगून जात जा,” असे म्हणावे. यात दोष कृतीला लागतो, माणसाला नाही.

चौथी, गाव, तालुका आणि जवळची खूण दरवेळी उलट म्हणून दाखवावी व समोरच्याकडून होकार घ्यावा. सर्वांशीच तसे केले की कोणाला अपमान वाटत नाही, आणि खेकसणाऱ्याकडूनही नेमकी माहिती मिळते.

पाचवी, तो माणूस दमलेला आहे का, हे पाहावे. लागोपाठच्या रात्रपाळ्या, किंवा फोनवर ऐकलेला आईचा आक्रोश, यांनी शहाणा माणूसही तिरसट होतो. अशा वेळी, “दहा मिनिटे बाहेर जाऊन या, मी पाहतो,” एवढेही पुरे होते. पण रोजच्या उद्धटपणाला थकवा हे निमित्त चालू देऊ नये.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर तारीख, वेळ व घडले तेवढेच लिहून वरिष्ठांकडे द्यावे. अशा ठिकाणी फोन सहसा ध्वनिमुद्रित होतात, म्हणून खरेखोटे तपासता येते. चहाच्या टपरीवर केलेली निंदा तपासता येत नाही. तिने फक्त दोन तट पडतात.

मुलींना लैंगिक त्रास होत असेल, तर एकट्याने समजूत घालीत बसू नये. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी.

आईबापांनाही एक सांगणे आहे. लेकरू रात्रपाळी करून आले की आधी त्याला झोपू द्यावे. मग त्याचे ऐकावे. “सोडून दे,” किंवा “तूही दाखव त्याला,” असे लगेच म्हणू नये. “याने रोग्याचे काही बिघडते का?” एवढेच विचारावे. उत्तर “होय” आले, तर त्याला बोलण्याचे बळ द्यावे.