साताऱ्याचा तह

पराभूत राज्याचे भवितव्य रणांगणापेक्षा तहाच्या कलमांतच अधिक ठरते. १८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य दिले व २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्यांच्याशी तह केला. त्या तहाने इतर राज्यांशी स्वतंत्र पत्रव्यवहार करण्यास महाराजांना मनाई झाली. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी तर इंग्रजांची लष्करी चाकरी पत्करण्याऐवजी आपला काही मुलूख सोडून दिला.

प्रतापसिंहांनी रस्ते बांधले, विद्येस उत्तेजन दिले. तथापि १८३९ मध्ये तहभंगाचा आरोप ठेवून त्यांना पदच्युत करण्यात आले व काशीस पाठविण्यात आले. रंगो बापूजींनी लंडनमध्ये अनेक वर्षे दाद मागितली. परंतु आरोप करणारा व निवाडा देणारा एकच होता. १८४८ साली दत्तक नामंजूर होऊन राज्य खालसा झाले. पुढे १८५७ मध्ये अर्ज करणाऱ्या त्याच रंगो बापूजींनी उठावाची तयारी केली.

१९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर जबर युद्धदंड लादला. त्या अपमानाचा लाभ पुढे हिटलरने उठविला. न्यायाची वाट बंद झाली, की शांततेचा तहच नव्या संघर्षाचे बीज ठरतो.