दोन माणसांचं बिल, एका माणसाचं घर

लेखमाला : परमुलखातला संसार — लेखांक ७

मार्च उजाडला की ब्रिटनमध्ये घरोघरी कौन्सिल टॅक्सचं वर्षाचं बिल येतं. एप्रिल ते मार्च या वर्षाची रक्कम आणि तिचे हप्ते त्यात मांडलेले असतात. ज्या घरातून गेल्या वर्षात नवरा किंवा बायको निघून गेली, त्या घरालाही पूर्वीसारखंच बिल येतं. पगार एकच उरलेला असतो, मुलांचं सगळं एकट्याच्या अंगावर आलेलं असतं, पण बिलाला यातलं काही ठाऊक नसतं. ते आपणच कळवावं लागतं.

गेल्या आठवड्यात आपण भाडेकराराबद्दल बोललो. आजचा लेख अशा घरात मुलांसह मागे राहिलेल्या आई किंवा वडिलांसाठी आहे. आणि साताऱ्यात, सांगलीत बसून व्हिडिओ कॉलवर लेकीचा चेहरा वाचणाऱ्या आईवडिलांसाठीही आहे. ‘तिकडे सरकार मदत करतं ना गं?’ असं आपण विचारतो. करतं. पण ती मदत एका खिडकीवर मिळत नाही. दारं चार आहेत आणि प्रत्येक दार वेगळं ठोठावावं लागतं.

घरपट्टीची चुलत बहीण

आपल्याकडे घरपट्टी मालकाच्या नावाने येते. कौन्सिल टॅक्स सर्वसाधारणपणे घरात राहणाऱ्याने भरायचा असतो, मग तो भाडेकरू का असेना. त्यातून कचरा, रस्ते, वाचनालयं, वृद्धांची आणि मुलांची देखभाल यांच्या खर्चाचा एक भाग भागतो. उत्तर आयर्लंडमध्ये हा कर नाही, तिथे वेगळी पद्धत आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तो १ एप्रिल १९९३ पासून आहे.

त्याच्या आधी तिथे ‘पोल टॅक्स’ होता. बंगल्यातला असो वा खोलीतला, प्रत्येक प्रौढ माणसाला जवळपास सारखाच कर. लोक खवळले. ३१ मार्च १९९० रोजी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात दंगल उसळली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पंतप्रधान मार्गारेट थॅचर पायउतार झाल्या, त्यात या करावरच्या रागाचा मोठा वाटा होता. पुढे आलेला कौन्सिल टॅक्स म्हणजे तडजोड होती : थोडा भार घराच्या किमतीवर, थोडा माणसांवर. इंग्लंडमध्ये आजही १९९१ सालच्या किमतीवरून घरांचे ए ते एच असे आठ बँड पाडलेले आहेत. आणि पूर्ण बिल काढताना घरात दोन प्रौढ राहतात असं धरलेलं असतं.

आपल्या कामाचं आहे ते हे शेवटचं वाक्य. दोन धरलेत आणि राहतं एकच, तर बिल कमी व्हायला हवं. पहिलं दार इथेच उघडतं.

पहिलं दार : पाव बिल माफ

घरात हिशेबात धरण्याजोगा प्रौढ एकच असेल, तर २५ टक्के सूट मिळते. याला सिंगल पर्सन डिस्काउंट म्हणतात. पगार किती, बँकेत किती, हे कोणी विचारत नाही. २०२५-२६ या वर्षी इंग्लंडमध्ये डी बँडचं सरासरी बिल २,२८० पौंड होतं. त्याचा पाव भाग ५७० पौंड. दहा हप्त्यांनी भरणाऱ्याचे महिन्याला ५७ पौंड वाचले. मुलं वाढवणाऱ्या घराला ही रक्कम किती मोठी वाटते, हे वेगळं सांगायला नको.

इथे आपल्या बायकांचा एक समज आड येतो. घटस्फोटाचे कागद हातात आल्याशिवाय आपण ‘एकट्या’ ठरत नाही, असं त्यांना वाटतं. कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेला, त्या कागदांशी कर्तव्य नाही. तिचा प्रश्न एवढाच, की या घरात कायमचं कोण राहतं. नवरा-बायको एकत्र राहत असेपर्यंत बिलाची जबाबदारी दोघांचीही असते. एक जण दुसरीकडे राहायला गेला त्या तारखेपासून ती वेगळी होते. घर त्याच्या नावावर असलं तरी तो तिथे राहत नसेल, तर त्या दिवसापासूनचं बिल राहणाऱ्याच्या नावाने येतं आणि पाव भागाची सूटही राहणाऱ्यालाच मिळते. कळवायला चार महिने उशीर झाला असेल, तर सूट त्या मागच्या तारखेपासून मागा. तो तेव्हापासून दुसरीकडे राहतो, याचा एखादा कागद जपून ठेवा.

सूट घरात राहणाऱ्या प्रौढांवर ठरते, मुलांचा ताबा कोणाकडे यावर नाही. त्यामुळे वेगळं घर घेऊन एकटा राहणाऱ्या वडिलांनाही त्यांच्या घरावर ती मिळते. शनिवार-रविवारी मुलं तिकडे गेली म्हणून काही बिघडत नाही.

डोकी कशी मोजतात

अठरा वर्षांखालचं मूल मोजलं जात नाही. अठरा पूर्ण झाली, पण अजून शाळेत आहे आणि त्याच्यासाठी चाइल्ड बेनिफिट हा सरकारी भत्ता मिळण्याचा हक्क आहे, तर तेही मोजलं जात नाही. शाळा संपवून उन्हाळ्यात बाहेर पडलेला विसाच्या आतला मुलगा ३१ ऑक्टोबरपर्यंत हिशेबाबाहेर राहतो. मग विद्यापीठात पूर्णवेळ शिकायला लागला, तर विद्यार्थी म्हणून पुन्हा सुटतो. नोकरीला लागला, तर मोजला जातो आणि तुमची सूट जाते. मुलाच्या अठराव्या वाढदिवसानंतर कौन्सिलचं पत्र येतं, ते याचसाठी. घाबरू नका, शाळेचा दाखला जोडा.

पोटभाडेकरू ठेवलात आणि तो नोकरदार असेल, तर मोजला जातो. पूर्णवेळ विद्यार्थी असेल, तर नाही. आणि आपल्या घरांत हमखास निघणारा प्रश्न : नातवंडांना सांभाळायला पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली आई? तिचं कायमचं घर पुण्यात आहे. ती पाहुणी, म्हणून साधारणपणे ती मोजली जात नाही.

उलट बाजूही तितकीच स्वच्छ ठेवावी. घरात दुसरा प्रौढ कायमचा राहायला आला, तर २१ दिवसांच्या आत कळवायचं असतं. इंग्लंडमध्ये न कळवल्यास ७० पौंड दंड होऊ शकतो आणि मागची सूटही परत भरावी लागते.

दुसरं दार : कौन्सिल टॅक्स रिडक्शन

पाव भाग वजा करून उरलेलं बिलही झेपत नसेल, तर हे दार. काही कौन्सिलांमध्ये याला कौन्सिल टॅक्स सपोर्ट म्हणतात. ही मदत मिळकत आणि शिल्लक पाहून मिळते.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीचा अर्ज भरला की सगळं त्यात आलं, असं वाटतं. त्यात घरभाड्याचा भाग असतो, मुलांचा भाग असतो. कौन्सिल टॅक्सचा भाग मात्र नसतो. त्यासाठी आपल्या कौन्सिलकडे वेगळा अर्ज करायचा असतो. कित्येक आया युनिव्हर्सल क्रेडिट मिळालं म्हणून निर्धास्त राहतात, आणि थकबाकीची नोटीस आल्यावर जाग्या होतात. म्हणून दोन्ही अर्ज एकाच दिवशी करा. मागच्या तारखेपासून मदत किती देता येते, हे त्या त्या योजनेवर अवलंबून असतं, त्यामुळे उशिराचे पैसे बुडू शकतात.

मार्च २०१३ पर्यंत या मदतीचे नियम देशभर सारखे होते. त्यानंतर केंद्राने इंग्लंडमध्ये दिला जाणारा निधी दहा टक्क्यांनी कमी केला आणि कामाच्या वयातल्या लोकांसाठी प्रत्येक कौन्सिलने आपापली योजना आखावी असं ठरवलं. आज काही ठिकाणी पूर्ण बिल माफ होऊ शकतं, तर काही ठिकाणी कितीही अडचण असली तरी काही टक्के भरावेच लागतात. काही कौन्सिलांनी पाच वर्षांखालचं मूल असलेल्या एकट्या पालकांना जास्त संरक्षण दिलेलं आहे. त्यामुळे हॅरोमधल्या मैत्रिणीचा अनुभव हाउन्स्लोमध्ये लागू पडेलच असं नाही. आपल्या कौन्सिलची योजना स्वतः वाचावी लागते. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये मात्र देशभर एकच योजना आहे.

व्हिसावर असाल, तर हे आधी वाचा

आपल्यातले पुष्कळ जण ज्या व्हिसावर तिथे राहतात, त्यावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ अशी अट असते. सरकारी मदत घेता येणार नाही, असा तिचा अर्थ. कौन्सिल टॅक्स रिडक्शन या मदतीत मोडतं. ही अट असताना त्याचा अर्ज केलात, तर पुढच्या व्हिसाला धोका पोहोचू शकतो.

पण पाव भागाची सूट ही मदत धरली जात नाही. ती कराच्याच नियमातली वजावट आहे, आणि या व्हिसावरच्या एकट्या आईलाही ती मागता येते. हे माहीत नसल्यामुळे भीतीपोटी वर्षानुवर्षं पूर्ण बिल भरणारी माणसं आहेत, म्हणून मुद्दाम ठासून लिहिते आहे. काही कौटुंबिक व्हिसांवर हलाखी ओढवली, तर ही अट काढून टाकावी असा अर्ज गृह खात्याकडे करता येतो. तो मात्र जाणकार इमिग्रेशन सल्लागाराला विचारूनच करा.

तिसरं दार : खास घरं, खास माणसं

आई पूर्णवेळ विद्यार्थिनी असेल आणि घरात दुसरं कोणी प्रौढ नसेल, तर पाव नाही, सगळंच बिल माफ होतं. घरात अपंग व्यक्ती असेल, अगदी लहान मूलही, आणि तिच्या गरजेसाठी जादा न्हाणीघर, वेगळी खोली किंवा चाकाची खुर्ची फिरवायला राखलेली जागा असेल, तर बिल एक बँड खालचं आकारलं जातं. या दोन्हींसाठीही अर्ज करावाच लागतो.

चौथं दार : कौन्सिलचा खास अधिकार

वरचं सगळं करूनही भागत नसेल, तर इंग्लंड-वेल्सच्या १९९२ च्या कायद्यातलं कलम १३ए लक्षात ठेवा. त्याखाली कौन्सिल आपल्या अधिकारात बिल कितीही कमी करू शकते, अगदी शून्यही. महिन्याची आवक, भाडं, वीज, पाळणाघर असा खर्च कागदावर मांडा आणि या कलमाचं नाव घेऊन पत्र लिहा. नकार आला किंवा दोन महिने उत्तरच आलं नाही, तर व्हॅल्युएशन ट्रायब्यूनलकडे अपील करता येतं. त्याला फी नाही.

हप्ता चुकला असेल तर

इंग्लंडमध्ये हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं आणि सात दिवस मिळतात. तेही हुकले, तर पुढच्या सात दिवसांनी वर्षाचं उरलेलं सगळं बिल एकदम भरावं लागतं. मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स, कोर्टाचा आदेश, आणि पुढे वसुली करणारे बेलिफ. प्रत्येक पायरीवर खर्च वाढतो, म्हणून पहिल्या पत्रालाच फोन करा. दहाऐवजी बारा हप्ते मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.

बेलिफ दारात आलाच, तर पहिल्या भेटीत त्याला जबरदस्तीने घरात शिरता येत नाही. घरात फक्त सोळा वर्षांखालची मुलं असतील, तर त्याने आत यायचंच नाही, असा नियम आहे. शाळेतून आधी घरी येणाऱ्या मुलांना हे शिकवून ठेवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये कर्जाचा ताण असह्य झाला, तर ‘ब्रीदिंग स्पेस’ योजनेत वसुली ६० दिवस थांबवून घेता येते. त्याची वाट सिटिझन्स ॲडव्हाइस दाखवते. एकट्या पालकांसाठीच काम करणारी जिंजरब्रेड ही संस्थाही मोफत सल्ला देते.

एक वाक्य

या सगळ्याची सुरुवात एका वाक्याने होते : ‘अमुक तारखेपासून या घरात मी एकटीच प्रौढ राहते.’ लिहायला सोपं दिसतं. पण कितीतरी जणींनी हे अजून गावी सांगितलेलं नसतं. आईला काय वाटेल, भाऊ काय म्हणेल, मंडळाच्या गणपतीत लोक काय विचारतील, या विचारांत महिने जातात, आणि दोन माणसांचं बिल एक माणूस भरत राहतो.

त्यांना सांगायचं आहे की कौन्सिल कारण विचारत नाही, तारीख विचारते. कोणाचं चुकलं, हे तिला नको असतं, आणि तुमचं उत्तर ती कोणा नातेवाइकाला कळवायला जात नाही. घरच्यांना सांगायचं तेव्हा सांगा. कौन्सिलला आज सांगा.

(पुढच्या आठवड्यात : चाइल्ड मेंटेनन्स — मुलांच्या खर्चाचा वाटा कसा ठरतो आणि कसा मिळवायचा)